गुरुनाथरावांची बढती

रत्नाचं म्हणणं ऑफिसात कुणी ऐकत नव्हतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ऐकत होते. फक्त तिच्या तोंडून ऐकत नव्हते. तिनं सांगितलेली गोष्ट खोलीत जरा फिरून, दम खाऊन, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडली की मग ती सगळ्यांना ऐकू यायची, आणि पटायचीसुद्धा.

अ‍ॅशबर्न या अमेरिकेतल्या, व्हर्जिनियाच्या गावी एका डेटा सेंटरमध्ये रत्ना कूलिंग इंजिनियर होती. डेटा सेंटर म्हणजे बिनखिडक्यांचं भलंमोठं गोदाम. आत सर्व्हरच्या कपाटांच्या रांगाच रांगा. ती कपाटं दिवसरात्र तापतात आणि त्यांना दिवसरात्र गार ठेवावं लागतं, नाहीतर कुठे कुणाची बँक बंद पडते आणि कुठे कुणाचे बारशाचे फोटो अडकतात. तेव्हा तिथं गारवा राखणारी बाई ही खरं तर पहिल्या मानाची. पण मान असणं वेगळं आणि तो मिळणं वेगळं, हे ज्याला कळत नाही त्यानं कधी नोकरी केलेली नाही.

त्या उन्हाळ्यात चार नंबरचा हॉल तापायला लागला. साहेबलोक नवीन कूलिंग मशिनं विकत घ्यायला निघाले. रत्ना मीटिंगमध्ये म्हणाली, "मशिनं कमी नाहीत. कपाटांमध्ये रिकाम्या फटी आहेत, त्यातून मागची गरम हवा पुन्हा पुढे येते. फटी बुजवू या. प्लास्टिकच्या पट्ट्या पुरतील." ती नागपूरची. नागपूरच्या माणसाला हवेचं वळण शिकवावं लागत नाही. कूलर लावून दारं-खिडक्या गच्च बंद करून बसलेला पाहुणा दिसला, की तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं, अहो, मागची खिडकी उघडा, गरम हवेला जायला वाट द्या.

मीटिंगमध्ये कुणी काही बोललं नाही. मुख्य साहेब ग्लेन 'थँक यू' म्हणाले आणि त्यांनी कॉफी ढवळली. थोड्या वेळानं निमिष म्हणाला, "मला वाटतं, त्या फटी बुजवल्या तर?" ग्लेननं टेबलावर थाप मारली. "ब्रिलियंट, निमो!"

निमिष मुंबईचा, दादरचा. पोरगा वाईट नव्हता. आपलं नाव सिनेमातल्या माशासारखं उच्चारलं जातं हे त्यानं कधीच गिळून टाकलं होतं, आणि त्याबरोबर रत्नाची कल्पनाही गिळली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, फक्त हा नागोबा जरा लाजाळू होता. फटी बुजल्या, हॉल गार झाला, विजेचा खर्च धाडकन खाली आला, आणि हेडऑफिसच्या पत्रकात निमिषचा फोटो छापून आला. फोटोत तो चोरासारखा हसत होता.

पण सगळं निमिषच्याच खात्यावर जायचं असंही नाही. लहान मुलं असणाऱ्यांना कामाच्या पाळ्या आधी कळवाव्यात, हेही रत्नाच म्हणाली होती. ते हेदरच्या नावावर जमा झालं. हेदर म्हणजे ऑपरेशन्सच्या बाई, गोऱ्या, उंच, बोलायला गोड. कालांतरानं रत्नाच्या लक्षात आलं की यात एक पद्धत आहे. आपण बोललेलं यंत्रांचं असेल तर ते निमिषचं होतं, कारण यंत्रांतलं हिंदुस्थानी पुरुषाला कळतं. माणसांचं असेल तर ते हेदरचं होतं, कारण माणसांतलं बायकांना कळतं. आणि हिंदुस्थानी बाईला काय कळतं? तर तिला समोसे कळतात.

हे मी फुगवून सांगत नाही. कंपनीत एक महिला मंडळ होतं आणि एक आशियाई मंडळ. महिला मंडळात रत्ना गेली, तर तिला मेंदी काढायला बसवलं. आशियाई मंडळात गेली, तर तिथं सगळे बाप्ये, आणि पहिला ठराव असा की दिवाळीचे समोसे रत्ना आणेल. दरवर्षी दोन्ही मंडळं आपापल्या माणसांची नावं बढतीसाठी वर पाठवत. महिला मंडळाला वाटे, रत्नाचं नाव आशियाई मंडळ देईल. आशियाई मंडळाला वाटे, ती महिला मंडळाची. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण रत्नानं शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ तिला व्हर्जिनियात कळला.

आणि आता तर मोठीच गोष्ट होती. ग्लेन निवृत्त होऊन फ्लोरिडाला मासे मारायला निघाले होते. त्यांची खुर्ची, म्हणजे सबंध सेंटरचं प्रमुखपद, रिकामी होणार होती. रत्नाला ती हवी होती. ती असं कुणाजवळ बोलली नव्हती, पण सकाळी गाडी पार्क करताना तिची नजर ग्लेनच्या राखीव जागेकडे जायची आणि आपली गाडी तिथं कशी दिसेल हे ती बघून घ्यायची.

डिसेंबरात अंतिम नावं जाहीर झाली. दोनच. निमिष आणि हेदर.

रत्ना ग्लेनच्या केबिनमध्ये गेली. धीर गोळा करायला तिला सबंध सकाळ लागली होती.

"अकरा वर्षं मी इथं आहे," ती म्हणाली. "माझं नाव का नाही?"

ग्लेन मनापासून बुचकळ्यात पडले. "तुझा रोख भारतीयांवर अन्याय होतो असा असेल, तर निमो आहे की यादीत. तोही तुमच्याच गावचा."

"तो मुंबईचा आहे. मी नागपूरची."

"तेच ते. आणि बायकांवर अन्याय म्हणत असशील, तर हेदर आहे. दोन्ही बाजू आम्ही बघितल्यात, रत्ना."

"आणि जी बाई पण आहे आणि भारतीय पण?"

ग्लेन विचारात पडले. प्रश्न त्यांना कुणी पूर्वी विचारला नसावा. "तिला तर दोघंही प्रतिनिधी आहेत," ते उजळून म्हणाले. "तुझा डबल फायदा आहे!"

मग जरा मायेनं म्हणाले, "तू फार हळू बोलतेस बघ. पुढारीपणाला आवाज लागतो."

रत्ना बाहेर आली तेव्हा दारात लॉरेटा उभी होती. लॉरेटा ही वीजविभागाची प्रमुख, रिचमंडची, काळी, पन्नाशीची. जनरेटरच्या आवाजावरून तो कधी बिघडणार हे सांगणारी बाई. तरी नवा माणूस आला की तिला सफाईवाली समजून बाथरूमची किल्ली मागायचा.

"तुला काय म्हणाला?" लॉरेटानं विचारलं.

"हळू बोलते म्हणाला."

"मला म्हणाला, तू फार चढ्या आवाजात बोलतेस. यादीत तुझं नाव नाही, पण काळ्यांवर अन्याय नाही, कारण सिक्युरिटीतल्या मार्कसला गेल्या वर्षी बढती दिली. आणि बायकांवर नाही, कारण—"

"हेदर," दोघी एकदम म्हणाल्या.

मग त्यांनी एक प्रयोग केला. दुपारच्या मीटिंगमध्ये 'माझ्या मते हे वेळापत्रक चुकीचं आहे' हे एकच वाक्य आधी रत्नानं म्हटलं आणि मग लॉरेटानं, अगदी त्याच पट्टीत. जेवणाच्या सुट्टीत तशी तालीमच केली होती. रत्नाला ग्लेन म्हणाले, "जरा मोठ्यानं?" आणि लॉरेटाला म्हणाले, "जरा शांतपणे घेऊ या का?" दोघी बाहेर येऊन पोट धरधरून हसल्या. हसता हसता रत्नाला रडू आलं. ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं, आणि म्हणून थांबवायला जास्त वेळ लागला.

घरी नवरा होता. गुरुनाथ. एका बँकेच्या आयटीत काम करणारा, सरळ, प्रेमळ, आणि घरातला एसी कुठल्या बटणानं चालू होतो हे आजतागायत माहीत नसलेला माणूस.

"यार रत्ना, इतकं पर्सनली घेऊ नकोस ना," तो पोळीचा तुकडा मोडत म्हणाला. "तूही कधी 'मी केलं' असं म्हणत नाहीस. 'टीमनं केलं, टीमनं केलं.' मग त्यांना कसं कळणार?"

"आपल्या तोंडानं आपली स्तुती करू नये, असं शिकवलंय आम्हाला."

"आम्हाला पण शिकवलंय."

"तुम्हाला शिकवलंय. आमच्याकडून करून घेतलंय."

चौदा वर्षांची सावनी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, यू शुड जस्ट से इट. लाइक, युअर नेम. इट्स नॉट दॅट डीप." आणि पोळी घेऊन वर गेली. बोलायला काय जातं! गुरुनाथचं म्हणणं अर्धं खरं होतं, आणि तेवढ्यानंच रत्नाचा जास्त संताप झाला.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. रत्नाकडे दरवर्षी असायचं. यंदा तिनं लॉरेटालाही बोलावलं. लॉरेटा निळा सूट घालून आली, आणि तिळाचा लाडू दातानं फोडताना तिनं जो चेहरा केला, त्यावरून बायकांशी तिची लगेच मैत्री झाली.

हळदीकुंकवाचा सगळा कारभार पद्मजाकाकूंच्या हाती. पद्मजाकाकू म्हणजे भूल देणाऱ्या निवृत्त डॉक्टर, शहात्तरीच्या, पूर्वी इथं मराठी माणूस औषधालाही सापडत नव्हता तेव्हा आलेल्या. ऑपरेशनच्या टेबलावरचे पेशंट त्यांना विचारत, "नर्स, डॉक्टर कधी येणार?" काकू म्हणत, "आलेत. दहापासून उलटे आकडे म्हणा." मनोहरकाकांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. विधवेनं हळदीकुंकू लावू नये, असं कुणीतरी एकदा दबक्या आवाजात म्हणालं, तेव्हा काकूंनी त्या बाईला चांगलं कपाळभर कुंकू लावून विचारलं होतं, "काही झालं का?" तेव्हापासून तो विषय बंद होता.

काकूंचा एकच नियम. नाव घेतल्याशिवाय वाण नाही. यंदाचं वाण चहाची गाळणी होती. त्यांनी स्वतःच सुरुवात केली:

"डलेस विमानतळी उतरले, पर्समध्ये डॉलर आठ,
मनोहररावांचं नाव घेते, मान ठेवून ताठ."

मग रत्नाचा नंबर. रत्नाचा उखाणा लग्नापासून एकच होता. तो इतका मुरला होता की झोपेतून उठवलं असतं तरी तिनं घडाघडा म्हटला असता:

"नागपुरी संत्र्याची सोलते फोड न् फोड,
गुरुनाथरावांचं नाव घेते, तिळगूळ घ्या गोड."

"हे काय चाललंय?" लॉरेटानं विचारलं. रत्नानं समजावलं, की बायकोनं नवऱ्याचं नाव एरवी घ्यायचं नाही, अशी जुनी रीत. म्हणून सणासुदीला सगळ्या जमून घ्यायला लावतात, तेही यमक जुळवून.

"म्हणजे तुमच्याकडे नाव घेतल्याशिवाय गाळणीसुद्धा मिळत नाही," लॉरेटा सावकाश म्हणाली. "आणि आमच्या ऑफिसात कुणाचंही नाव न घेता सगळंच्या सगळं मिळतं."

पद्मजाकाकूंनी तिच्याकडे गाळणी रोखली. "नाव घे."

"मी घटस्फोटित आहे. त्या माणसाचं नाव मी कोर्टातसुद्धा नाइलाजानं घेतलं."

"मग त्याचं कशाला? जिचं नाव दुसरीकडे कुणी घेत नाही, तिचं घे."

लॉरेटानं हातातला लाडू खाली ठेवला. ऑफिसातली वाढदिवसाची कार्डं लिहायचं काम वर्षानुवर्षं तिच्याच गळ्यात मारलेलं. त्यामुळे यमकं तिला हात जोडून उभी असत. तिनं म्हटलं ते इंग्रजीत, पण आपण आपलं मराठीत ऐकू:

"तीळ काळे, तीळ पांढरे, गूळ त्यांना सांधी,
रत्नाचं नाव घेते, कोणी देईल का संधी?"

बायका इतक्या जोरात हसल्या आणि टाळ्या पिटल्या, की तळघरात टीव्हीसमोर बसवून ठेवलेल्या नवरेमंडळींनी टीव्हीचा आवाज वाढवला. रत्नाला मात्र हसू येईना. आपलं नाव असं कुणीतरी मोठ्यानं, चारचौघांत, काही काम सांगायचं नसताना घ्यावं, हे तिला नवीन होतं. तिचे डोळे भरले.

"रडतेस काय," काकू म्हणाल्या. "तू आता हिचं घे. फेड करायची असते."

रत्नानं डोळे पुसले.

"जनरेटरच्या घरघरीत ऐकते बारीक खोट,
लॉरेटाचं नाव घेते, कुणी दाखवा बोट!"

सोमवारपासून ऑफिसात ही साथ पसरली. रत्ना काही बोलली आणि खोली गप्प राहिली, की लॉरेटा म्हणायची, "हे रत्ना म्हणाली. रत्ना." लॉरेटा बोलली की रत्ना म्हणायची, "लॉरेटाचा मुद्दा बरोबर आहे." यमकं त्या दोघी जेवणाच्या खोलीत जुळवत आणि फळ्यावर लिहून ठेवत. आपलं नाव आपण घ्यायचं नाही, एकमेकींचं घ्यायचं, असा करार होता. रत्नाला तो फारच सोयीचा होता. 'मी' म्हणायची वेळच येत नव्हती.

सुरुवातीला ग्लेनना वाटलं, दोघींचं काही भांडण मिटलंय. मग त्यांना जरा भीती वाटू लागली. फेब्रुवारीत एकदा त्यांनी चुकून "रत्ना म्हणाली तसं" असं म्हटलं आणि स्वतःच दचकले. निमिषची तर पंचाईतच झाली. त्याला उखाण्याची रीत ठाऊक होती. तो रत्नाची नजर चुकवून प्रिंटरकडे बघत बसायचा.

यादीत मात्र अजून दोनच नावं होती.

आणि मग हेडऑफिसचे व्हिटेकरसाहेब आले. शेवटची निवड त्यांच्या हातात होती. कमी खर्चात गार झालेला तो चार नंबरचा हॉल आधी बघायचा, असं त्यांनी सांगितलं. सगळे हॉलमध्ये गेले. ग्लेन, हेदर, निमिष, लॉरेटा, रत्ना. आत हजारो पंख्यांचा घुमारा. तिथं प्रत्येकाला ओरडूनच बोलावं लागतं, आणि कुणीही कुणाला 'शांतपणे घे' म्हणत नाही.

"कल्पना कुणाची?" व्हिटेकर ओरडले.

"निमोची!" ग्लेन ओरडले.

निमिषनं रत्नाकडे पाहिलं, लॉरेटाकडे पाहिलं, आणि त्याच्यातला दादरचा मुलगा निम्मा जागा झाला. "तसं... टीमची!"

"टीमला कल्पना सुचत नाहीत," व्हिटेकर म्हणाले. "एका माणसाला सुचतात. कुणाला?"

इथं लॉरेटानं नाव घ्यायचं, असं ठरलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि नेमका तिचा वॉकीटॉकी बोंबलला. जनरेटर दोन. लॉरेटानं शिवी हासडली आणि धावत सुटली. दारातून वळून तिनं रत्नाला दोन्ही हातांनी खूण केली: घे! घे!

सगळे रत्नाकडे बघायला लागले. लॉरेटानं म्हणायचा म्हणून रचलेला इंग्रजी उखाणा तिला पाठ होता. नाव तेवढं आपलं आपण घ्यायचं होतं. काय अवघड आहे? सावनी म्हणालीच होती. रत्नानं डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात बेंबीच्या देठापासून आवाज काढला:

"थंड हवा पुढून येते, गरम जाते मागे—"

दुसरी ओळ सुरू झाली. नावाची जागा आली. आणि एकोणीस वर्षं त्या जागेवर जे बसत आलं होतं, ते आपणहून येऊन बसलं.

"—गुरुनाथरावांचं नाव घेते..."

पुढचं तिच्या घशातच राहिलं. तिनं डोळे उघडले.

"गुरुनाथ?" व्हिटेकरनी विचारलं. "हा कोण?"

रत्नाला धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं. निमिषला ठसका लागला. त्यानं गुरुनाथच्या हातची भजी खाल्ली होती, म्हणजे गुरुनाथनं रत्नाच्या हातची आणून दिलेली. रत्ना 'नाही, तसं नाही' म्हणणार, एवढ्यात ग्लेन पुढे झाले.

"गुरुनाथ!" ते म्हणाले. "अर्थात! फार भक्कम माणूस."

व्हिटेकरनी वही काढली.

"कुठल्या विभागात?"

"पडद्यामागचा माणूस आहे," ग्लेन म्हणाले. "शांत. पण पुढारीपण आहे त्याच्यात. मी केव्हापासून म्हणतोय, गुरुनाथचा आपण नीट उपयोग करून घेत नाही."

"खरंय," हेदर म्हणाली, कारण मागे राहणं बरं दिसलं नसतं. "माणसं सांभाळायला तर फारच छान."

"मग तो यादीत का नाही?"

"आज घालणारच होतो," ग्लेन म्हणाले.

पंखे घुमत होते. रत्ना बघत राहिली. अकरा वर्षं ती या इमारतीत होती. या हॉलमधला कुठला कोपरा केव्हा तापतो, हे तिला अंधारात हात लावून सांगता आलं असतं, आणि यादीत तिला जागा नव्हती. गुरुनाथनं या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं, तो अस्तित्वात आहे हे मिनिटापूर्वी कुणाला माहीत नव्हतं, आणि तो प्रमुखपदाच्या दारात उभा होता. नुसतं नाव पुरलं. पुरुषाचं होतं, एवढंच.

तिची लाज कुठल्या कुठे गेली. त्या जागी असा राग आला, की तिला तो उबदार वाटला.

"ग्लेन," ती ओरडली, आणि पंख्यांच्या वर तिचा आवाज गेला. "गुरुनाथ माझा नवरा आहे. तो बँकेत काम करतो. त्याला आमच्या घरातला एसी चालू करता येत नाही!"

ग्लेनचे कान लाल झाले. ते म्हणाले, "मला वाटलं, तो दुसरा गुरुनाथ..."

"दुसरा नाही. पहिलाही नाही. चुकून त्याचं नाव आलं, कारण आम्हाला तेवढंच घ्यायला शिकवलं. ती माझी चूक. पण तुम्ही त्याला बढती दिलीत, ती तुमची. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत आणि ओळखलंत. मला रोज पाहता."

व्हिटेकर कधी ग्लेनकडे, कधी तिच्याकडे बघत होते. हेदर बुटांकडे बघत होती. निमिष एक पाऊल पुढे आला आणि मोठ्यानं म्हणाला, "ती कल्पना हिची आहे, सर. पहिल्यापासून. मी ऐकली आणि पुन्हा म्हटली." हे त्यानं सात महिने आधी म्हणायला हवं होतं. पण म्हणाला.

"मग नाव काय कल्पना काढणाऱ्याचं?" व्हिटेकरनी रत्नालाच विचारलं.

दार उघडलं. लॉरेटा धापा टाकत परत आली होती. काय झालं हे तिला कळलं नव्हतं, पण रत्नाचा चेहरा बघून ती दारातूनच ओरडली, तिला येत होते त्या दोनच मराठी शब्दांत, "नाव घे!"

रत्नानं श्वास घेतला. या वेळी डोळे उघडे ठेवले.

"थंड हवा पुढून येते, गरम जाते मागे,
रत्नाचं नाव घेते रत्ना, आता तरी व्हा जागे!"

संध्याकाळी घरी तिनं सगळं सांगितलं, तेव्हा गुरुनाथ आधी पोट दुखेपर्यंत हसला. मग त्याचं हसू ओसरलं. "म्हणजे मला न जाता मिळत होतं," तो म्हणाला. "बाप रे." मग उठून हॉलमध्ये गेला, भिंतीवरच्या एसीच्या बटणांसमोर बराच वेळ उभा राहिला, आणि म्हणाला, "यातलं चालू करायचं कुठलं, दाखव ना."

यादीत तिसरं नाव चढलं. मुलाखती झाल्या. मार्चअखेरीस रत्नाची गाडी ग्लेनच्या जागेवर उभी राहिली. जरा तिरकी, कारण तिचं लक्ष राखीव जागेच्या पाटीकडे होतं. पद्मजाकाकूंनी पेढे पाठवले आणि फोनवर एवढंच म्हणाल्या, "आता दुसरीला विसरू नकोस. खुर्चीत बसलं की ऐकू कमी येतं, मी बघितलंय."

पहिल्या मीटिंगला रत्ना टेबलाच्या टोकाला बसली. विषय होता रात्रीत दोनदा गेलेल्या विजेचा. लॉरेटा म्हणाली, "बॅटऱ्या बदलून उपयोग नाही. आधी केबल बदला, त्या जुन्या आहेत. मग बॅटऱ्या." कुणी काही बोललं नाही. रत्ना बॅटऱ्यांच्या किमतीचा कागद वाचत होती. तिच्याही कानावरून ते गेलं. चर्चा पुढे सरकली. जरा वेळानं निमिष पेन हलवत म्हणाला, "मला वाटतं, आपण आधी केबल बदलल्या तर?"

"वा!" रत्ना म्हणाली. "छान कल्प—"

आणि तिचं तोंड तिथंच थांबलं. लॉरेटा समोर बसून तिच्याकडे बघत होती. रागानं नाही. सवयीनं.

रत्नाच्या कानशिलांतून कढत वाफा निघाल्या. तिनं कागद पालथा घातला.

"लॉरेटा, माफ कर. मी ऐकलं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग निमिषकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "निमिष, नाव घे."

"अगं, इथं?"

"इथंच. गाळणी नाही मिळणार, पण केबल मिळेल."

निमिष कानापर्यंत लाल झाला. उभा राहिला, शर्ट सारखा केला, आणि बाकीचे आ वासून बघत असताना खणखणीत म्हणाला:

"आधी बदला केबल, मग बदला बॅटरी,
लॉरेटाताईंचं नाव घेतो, कल्पना त्यांचीच, खात्री!"

लॉरेटाला त्यातलं केबल, बॅटरी आणि आपलं नाव एवढंच कळलं. ती खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, "पुन्हा एकदा म्हण. जरा मोठ्यानं."